बीपीचा पट्टा सुटेपर्यंत

या हकिगतीची सुरुवात मी बोर्डापासूनच करायची, अशी मला अट आहे. अट कुणी घातली ते पुढे येईलच. तर आधी बोर्ड.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, पत्र्याचा. आकाशी रंगावर पिवळी अक्षरं, अक्षरांना तांबडी सावली. ‘मनाच्या आजारांची तपासणी येथे होते.’ एकतीस वर्षं कराडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात जेवढं वळण शिल्लक असतं, तेवढं सगळं मी त्या एका ओळीत ओतलं होतं. खाली दोन पांढरी कबुतरं. कबुतरं कशाला, असं विचारू नका. जागा उरली होती.

हा बोर्ड माझ्याकडे कुणीही मागितला नव्हता. माझी भाची मृणाल पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाला, चिखली-तळवड्याच्या बाजूच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर आहे. ती फोनवर एवढंच म्हणाली होती, “मामा, आता आम्ही बीपी-शुगरच्या जोडीला मनाचंही बघतो. झोप, काळजी, उदासी, सगळं. पण त्यासाठी म्हणून कुणी येत नाही. तू ये चार दिवस, बघ तरी.” यातून ‘मामा, बोर्ड आण’ असा अर्थ काढायला माणूस चित्रकला शिक्षकच असावा लागतो.

बोर्ड चादरीत गुंडाळून मी एसटीत बसलो. उंब्रजपर्यंत चादर टिकली, मग वाऱ्यानं सुटली. शेजारच्या गृहस्थांनी मान वाकडी करून पहिले दोन शब्द वाचले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोर्डाकडे बघितलं, आणि साताऱ्याला गर्दी उतरल्याबरोबर ते उठून पार ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. मी मनात म्हटलं, बरं झालं, पाय पसरता येतील. शहाण्या माणसानं तो बोर्ड तिथंच सोडून दिला असता.

सोमवार, चिखली

मृणाल राहते सांगवीला. सकाळी तिच्याबरोबर गाडीतून निघालो. कराडात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, “तुम्ही कुणापैकी?” इथं पहिला प्रश्न, “कुठल्या कंपनीत?” नाक्यावरच्या पोहेवाल्यानंही तोच विचारला. मी “कुठल्याच नाही” म्हटल्यावर त्यानं दया येऊन पोह्यांवर शेव जास्त घातली. याच गाडीवर लोक पोहे आणि उपमा एकाच प्लेटमध्ये अर्धा-अर्धा मागतात आणि त्याला नुसतं ‘मिक्स’ म्हणतात. आमच्या गावात असं मागितलं असतं तर माणसाचं मन एका जागी नाही असं म्हणाले असते. इथं कुणी काही म्हणत नाही. सगळ्यांना बस गाठायची असते.

चिखलीत वर्कशॉप आणि घर यांच्यामध्ये भिंत असतेच असं नाही. खाली लेथ, वर संसार. वाळत घातलेल्या गाऊनखाली लोखंडाचा चकचकीत कीस पडलेला, आणि हवेत मशिनच्या तेलाचा आणि लसणाच्या फोडणीचा एकत्र वास. तो वास दोन दिवसांत नाकाला इतका सवयीचा झाला, की आता कराडात नुसती फोडणी अपुरी वाटते.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. व्हरांड्यात बाकं. पहिल्या खोलीत मृणाल, शेवटच्या खोलीत औषधं, आणि मधल्या खोलीत नजमासिस्टर. सगळा खेळ या मधल्या खोलीत होता.

नजमासिस्टर इथंच वाढलेल्या, चाळिशीच्या आतबाहेर. सर्दी घेऊन आलेला असो की गुडघा, प्रत्येक मोठ्या माणसाला आधी त्यांच्यासमोर बसावं लागतं. दंडाला पट्टा, हातात रबरी फुगा, समोर घड्याळाएवढी तबकडी. फुगा दाबत, काट्यावर नजर ठेवून, त्या दोन प्रश्न विचारतात. आवाज असा, की जणू त्या काट्यालाच विचारतायत.

“गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असं झालं का?”

आणि थोड्या वेळानं, “जगून काय उपयोग, असं मनात आलं का?”

उत्तर देणाराही काट्याकडेच बघतो. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहत होतो. अर्थात आधी प्रत्येकाला विचारून. ज्यानं नको म्हटलं त्याच्या वेळी व्हरांड्यात. दुपारी विचारलं, “सिस्टर, तोंडाकडे बघत का नाही हो?”

“माझ्या अब्बांचं गॅरेज होतं ना, काका,” त्या डबा उघडत म्हणाल्या. “ते म्हणायचे, गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघून विचारलंस ना गाडी कशी ठोकली, तर तो खोटं सांगणार. बॉनेटमध्ये डोकं घालून विचार, खरं सांगतो.” त्यांनी माझ्यापुढे कबाबाचा तुकडा सरकवला. “शिवाय पट्टा सुटेपर्यंत माणूस उठून जात नाही. तेवढा वेळ तो माझा.”

ज्याचं उत्तर ‘हो’ येई, त्याच्या केसपेपरच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीनं बारीक टिंब करत. टिंबवाला माणूस मृणालकडे जाई आणि ती त्याच्याशी निवांत बोले. बाहेरच्यांना वाटे, बीपी जास्त निघालंय. अडलं तर मृणाल मोठ्या हॉस्पिटलातल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावी. ना वेगळी खोली, ना वेगळी रांग.

एवढं सगळं डोळ्यांनी बघितलं मी. समजलं काहीच नाही. संध्याकाळी मनात एकच विचार: या बिचाऱ्या एका टिंबावर काम चालवतायत, उद्या यांना बोर्ड देऊन चकित करू.

मंगळवार, चिखली

मृणालला सकाळी एका मीटिंगला जायचं होतं. तिनं मला साडेआठलाच दवाखान्यात सोडलं. झाडू मारणाऱ्या मावशींकडून हातोडी मागून घेतली आणि मधल्या खोलीच्या दारावर चार खिळ्यांत बोर्ड ठोकला. लांब जाऊन बघितला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येत होता. फारच सुंदर दिसत होता.

नऊ वाजता लोक यायला लागले. पायऱ्या चढून यायचे, बोर्ड वाचायचे आणि बाकाच्या त्या टोकाला जाऊन बसायचे. साडेनऊपर्यंत मधल्या दारासमोर दहा फूट मोकळी जागा झाली, जणू तिथली फरशी ओली होती. नजमासिस्टर मागे लसींचा डबा उतरवून घेत होत्या. मला वाटलं, लोक लाजतायत. जरा प्रोत्साहन द्यावं. म्हणून टेबलावर ठेवलेला, आज परत बोलावलेल्यांचा गठ्ठा उचलला आणि वरचं नाव पुकारलं. एकतीस वर्षं हजेरी घेतलेला आवाज आहे माझा, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

“दत्ता!” त्याचं खरं नाव हे नाही, पण तेव्हा मी खरंच पुकारलं, आडनावासकट. “मनाचं तपासायला ना? या, या! हेच दार!”

खांबाजवळ उभा असलेला सव्वीसेक वर्षांचा एक माणूस दचकला. कंपनीचा निळा शर्ट, बाही दुमडलेली. आणि मी पाहिलं, की त्याच्यासारखाच निळा शर्ट घातलेले चार जण बाकावर बसलेत, आणि त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन आलेला जाडजूड सुपरवायझर मोबाइलमधून मान वर करून दत्ताकडे बघतोय.

“मनाचं?” सुपरवायझर म्हणाला. “काय रे, दत्ता?”

“न्हाई ओ साहेब,” दत्ता म्हणाला. “मी खोकल्याला आलतो.” आणि तो खोकला. इतका खोटा खोकला मी शाळेच्या नाटकातसुद्धा ऐकला नव्हता. पुन्हा एकदा खोकला, वळला, आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

नजमासिस्टर बाहेर आल्या त्या खोकल्यानं. त्यांनी आधी बोर्ड पाहिला, मग माझ्या हातातला केसपेपर. कोपऱ्यात टिंब नव्हतं. दोन टिंबं होती.

त्यांनी मला मधल्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. त्या ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या.

“काका, दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणालाय तो. शनिवारी. मॅडम तासभर बोलल्या त्याच्याशी. आज नक्की येतो म्हणून हातावर हात मारून गेला होता.”

थोडक्यात असं होतं. दत्ता परभणीकडचा. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात प्रेस मशिनवर. तीन महिन्यांपूर्वी त्या मशिनमध्ये त्याच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. बटण दत्तानं दाबलं होतं. चूक त्याची नव्हती, असं सगळे म्हणत होते, तो सोडून. तेव्हापासून झोप नाही. आणि कारखान्यात कुणाला कळलं की हा ‘डोक्याची’ औषधं घेतो, तर बोलायला तोंडं तयारच होती: तरीच त्या दिवशी असं झालं!

मी ते तोंड उघडून दिलं होतं, सुपरवायझरसमोर, कबुतरांसकट.

दत्ताला फोन लावला तर बंद. मृणालला फोन केला. मग ती म्हणाली, “मामा, तुला काय बोलायचं ते नंतर बोलेन. मी परत फिरतेय. त्याची आज दुसरी शिफ्ट आहे, तीनला बस येते. त्याच्या आत तो सापडला पाहिजे. या अवस्थेत तो एकटा नको आणि मशिनवर तर नकोच नको. आणि हे बघ, का शोधताय ते कुणालाही सांगायचं नाही. एकाला जरी सांगितलंत, तर सापडून उपयोग नाही.”

माणूस शोधायचा, पण शोधतोय हे कळू द्यायचं नाही. मला तर कराडात स्वतःचा चष्मासुद्धा आरडाओरडा केल्याशिवाय सापडत नाही.

नजमासिस्टरना रांग सोडता येईना. तेव्हा मला घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या कांताबाईंच्या ताब्यात दिलं. कांताबाई मूळ तळवड्याच्या, जुन्या घरातल्या, साठीला टेकलेल्या, चालायला लागल्या की आपण धावायचं. केसपेपरवरचा पत्ता होता ‘बालाजी किराणामागे’.

“असली चार दुकानं हायती,” त्या म्हणाल्या. “आन् मास्तर, तुमी त्वांड उघडायचं न्हाई.”

“नाही उघडत.”

“सकाळी पन असंच ठरवलं व्हतं का?”

तिसऱ्या बालाजीमागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ सापडली. एका दारात तीन तरुण जेवायला बसले होते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. कांताबाई शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीनं हाक मारली म्हणून तिकडे वळल्या, तेवढ्यात मी तोंड उघडलं.

“दत्ता इथंच राहतो का हो? मी त्याचा मामा.”

“मामा?” एकानं घास थांबवला. “आमी एकाच गावचे हाव. त्याला मामाच न्हाई.”

मग दुसऱ्यानं माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावरून नजर फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “अरे, पावणे हायती! पोरगी हाय का तुमची, काका? बसा की!”

मी नाही म्हणायच्या आत माझ्यासमोर भाकरी आली, आणि तिघंही दत्ताचे गुण गायला लागले. सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई. आईला रोज फोन करतो. कामाला वाघ. मी ठेचा खात होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळंच ठेच्यामुळं नव्हे.

“फक्त एक हाय,” तिसरा, आतापर्यंत न बोललेला, म्हणाला. “झोपत न्हाई. आन् आता हितं राहत बी न्हाई. आठ दिस झाले, चाकणला गेला, खराबवाडीकडं. कंपनीच्या जवळ.” त्यानं बोटानं दाराबाहेर दाखवलं. भिंतीला एक हिरवी सायकल टेकवलेली होती, घासूनपुसून लख्ख. “सायकल मला देऊन टाकली. म्हनला, मला आता लागायची न्हाई.”

कंपनी जवळ आल्यावर सायकल नको, यात काय मोठंसं? पण कांताबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं होतं, आणि त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांनी शांतपणे खोलीचा खाणाखुणांसकट पत्ता विचारून घेतला. निघताना एक जण म्हणाला, “काका, पोरगी काय करती?”

“तिचं नंतर कळवतील,” कांताबाई म्हणाल्या आणि माझी बाही धरून मला बाहेर ओढलं. “मरायचं मनात असलेली मानसं अशाच वस्तू वाटून टाकत्यात, मास्तर,” गल्लीत आल्यावर त्या म्हणाल्या.

मंगळवारच, चाकण

पाऊण वाजला होता. मृणाल दवाखान्यात पोचली होती आणि तिनं रांग सांभाळली होती. नजमासिस्टरनी स्कूटर काढली. मागे मी, मांडीवर बीपीच्या मशिनचा डबा.

तळवड्याहून चाकणकडे निघालं की आधी इंद्रायणी लागते आणि मग नुसती चाकं. गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, त्यांच्यावर नव्या कोऱ्या मोटारी, खेळण्याच्या दुकानातल्या कपाटासारख्या. लांब डोंगराची रेघ, आणि तिच्याखाली निळ्या-पांढऱ्या शेडच शेड. त्या शेडमध्येच कुठेतरी कांद्याचा हिरवा तुकडा टिकून राहिलेला. एरवी मी उतरून त्याचं चित्र काढलं असतं. आज मी फक्त सिस्टरांच्या पाठीमागून घड्याळ बघत होतो. महाळुंग्याच्या अलीकडे एक कंटेनर वळता वळता आडवा राहिला आणि सगळा रस्ता बंद झाला.

वीस मिनिटं. मी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही मला शिव्या तरी द्या.”

“डबा नीट धरा,” त्या म्हणाल्या. “तो काटा हलला ना, तर मग देते.” आणि त्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेच्या खडीत उतरवली. उरलेला प्रवास मी डोळे मिटून केला, त्यामुळे वर्णन करता येत नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी खराबवाडीकडची खोली सापडली. पहिला मजला, लोखंडी जिना, पुढं अरुंद गॅलरी. खाली एक छोटं वर्कशॉप होतं, तिथल्या मशिनचा ठक्क, ठक्क असा आवाज फरशीतून पायात चढत होता. दोन जण रात्रपाळी करून झोपलेले, दोघं शर्ट घालतायत. आणि आत भिंतीकडे तोंड करून, बुटासकट चटईवर आडवा पडलेला निळा शर्ट.

आहे. इथंच आहे.

“दवाखान्यातून आलोय,” सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. “बीपी तपासणी. सगळ्यांची. चला, पटापट.”

“आम्हाला काय झालंय, ताई?” शर्टाची बटणं लावणारा एक जण म्हणाला.

“बघितल्यावर कळेल. ह्या काकांपासून सुरू करते, बघा, दुखत नाही.”

मला गॅसच्या शेगडीजवळच्या उलट्या बादलीवर बसवलं. पट्टा आवळला. सिस्टरनी काट्याकडे बघत, अगदी हळू, तेच दोन प्रश्न विचारले. मला वाटलं होतं, देखाव्यापुरतं असेल. पण त्या थांबल्या. खरंच उत्तराची वाट बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे विनोद शिल्लक नव्हता. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी, न उघडलेले रंगाचे डबे, आणि कुणी न मागितलेला बोर्ड मी का रंगवला, हे सगळं एकदम त्या काट्यावर थरथरायला लागलं.

“पहिल्याला हो,” मी म्हणालो. “दुसऱ्याला नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “एकशे साठ. उद्या मॅडमना दाखवा.” आणि पट्टा सोडला.

मग दोघांची झाली. तेवढ्यात दत्ता उठून बसला. त्यानं सिस्टरना ओळखलं, मग मला. क्षणात उभा राहिला. दाराकडे आला. दारात मी होतो.

मी बाजूला झालो असतो तर तो गेला असता. सॉरी म्हणालो असतो, तर कशाबद्दल सॉरी, हे त्या दोघांनी विचारलं असतं. आणि मग अख्ख्या दिवसातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य माझ्या तोंडून पडलं.

“सकाळी खोकल्याचं औषध न घेताच गेलात,” मी म्हणालो. “त्यासाठीच आलो. छाती तपासल्याशिवाय देत नाहीत.”

दत्तानं माझ्याकडे बघितलं. त्याचं खोटं मी जसंच्या तसं, न सांडता, त्याच्याकडे परत आणलं होतं.

“खोकला झालाय व्हय रे तुला?” मित्र म्हणाला. “सांगायचं न्हाई का!”

दत्ता खोकला. आता जरा बरा जमला. आणि बादलीवर बसला.

सिस्टरनी मला डोळ्यांनी बाहेर काढलं; तपासणी झालेले ते दोघंही डबे घेऊन माझ्यामागे गॅलरीत आले. मी बाहेरून दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून गॅलरीत उभा राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त खालचा ठक्क, ठक्क. तीनला पाच मिनिटं असताना खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. दोघं मित्र जिन्यापाशी थांबले.

“ए दत्ता, चल की!”

खाली हॉर्न पुन्हा वाजला.

“दत्त्या! बस चालली!”

मी दाराची कडी मागच्या मागे घट्ट धरली. “त्याचं बीपी वाढलंय,” मी म्हणालो. “आज नाही येणार. दवाखान्यात नेतोय.”

“बीपी?” मित्राचा चेहरा एकदम गंभीर, आदराचा झाला. “माझ्या चुलत्याला हाय बीपी. जपायला लागतंय, काका. सांगतो मी सुपरवायझरला.” आणि ते धडाधड जिना उतरले. इथं शुगर आणि बीपी हे इज्जतीचे आजार आहेत. कंपनी चालवून घेते, सोयरिकीत कुणी विचारत नाही. या एका गोष्टीत कराड आणि चाकण सारखंच.

बस गेली. बऱ्याच वेळानं दार आतून ढकललं गेलं. दत्ताचे डोळे लाल होते, पण तो उभा होता. सिस्टरच्या कानाला मोबाइल, पलीकडे मृणाल. पट्टा अजून त्याच्या दंडावरच होता. सोडायचा दोघंही विसरले होते.

रिक्षानं दवाखान्यात परत निघालो, मी आणि दत्ता मागे, सिस्टर स्कूटरवर रिक्षाच्या बाजूबाजूनं. त्याच्या संमतीनं मृणालनं त्याच्या भावाला फोन केला होता आणि तो गावाहून निघाला होता. इंद्रायणीचा पूल आला.

“बोर्ड तुमीच रंगवला का?” तिथं दत्तानं विचारलं.

“मीच.”

“खाली ते कबुतरं कामून हायती?”

“जागा उरली होती.”

त्यानं तोंड फिरवून बाहेर बघितलं. खांदे हलत होते. मी घाबरलो, वाकून बघितलं, तर तो हसत होता.

बुधवार

सकाळी सर्वांत आधी चार खिळे उपटले. मृणालनं मला जे बोलायचं राखून ठेवलं होतं ते नाश्त्याला बोलून झालं होतं, त्यात भर घालायला कांताबाई होत्याच. बोर्ड उलटा करून त्यांनी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकला. “रंग चांगला हाय, गळनार न्हाई,” म्हणाल्या. माझ्या कलेला मिळालेली ही सगळ्यात प्रामाणिक दाद.

अकराच्या सुमारास कालचा सुपरवायझर आला, उरलेल्या माणसांना घेऊन. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “मास्तर, त्या दत्ताचं काल काय होतं? बीपी म्हणतात पोरं. तुम्ही तर दुसरंच काहीतरी ओरडत होता.”

“मी सगळ्यांनाच तसं ओरडणार होतो,” मी म्हणालो. “तुमचं नाव गठ्ठ्यात असतं तर तुम्हालाही. इथं मोठा माणूस आला की आधी बीपी, नियमच आहे. बसा ना.”

यात खोटं काहीच नव्हतं. नाइलाजानं तो आत गेला. दार लोटलं. आत किती वेळ होता ते मी सांगणार नाही, दवाखान्याची शिस्त आहे. एवढंच, की त्याची माणसं इंजेक्शन घेऊन केव्हाची बाहेर उभी होती, आणि तो बाहेर आल्यावर त्यानं दत्ताबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्याही केसपेपरवर एक टिंब पडलं. रोज चालायला आणि आठवड्यातून दोनदा कुणालातरी चित्रकला शिकवायला सांगितलंय. मुलांना नव्हे, मोठ्यांना. मोठे जास्त चुकतात.

गुरुवार

निघायच्या आधी दत्ता भेटला. भाऊ चिखलीतच मित्रांच्या खोलीत उतरला होता आणि दत्ताही तिथंच परत आला होता. औषध सुरू झालं होतं. चेहरा तोच होता, ओढलेला. दोन दिवसांत कुणी बरं होत नाही, आणि मृणालनं ते त्याला सांगितलंही होतं. आधी पंधरा दिवस प्रेसवर जायचं नाही, कागदावर कारण बीपी. सिस्टर म्हणाल्या, “वाढलेलं होतंच. मी खोटं लिहीत नाही.”

मी त्याला विचारलं, “यावर लिहिलं तर चालेल का? नाव बदलीन. गाव, कंपनी, सगळं.”

त्यानं स्वतःच्या उजव्या हाताच्या, बटण दाबणाऱ्या बोटाकडे बघितलं.

“लिवा,” म्हणाला. “माझ्यासारखे लई हायती लाइनीत. पन आधी तुमच्या बोर्डाचं लिवा. आन् कबुतराचं. लोकं हसले की मग माझं सांगा.”

ही ती अट.

“पुढच्या गुरुवारी येशील ना?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

तो पायऱ्या उतरला. मधल्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला हिरवी सायकल टेकवलेली होती.

“मित्र देत नव्हता परत,” सीटवरची धूळ हातानं पुसत तो म्हणाला. “म्हनला, दिलेली वस्तू. भांडून आनली.”